गोंयच्या सायबाचे घर

जुन्या गोव्यातील बॉम जेझूसचे देवालय ज्या संताच्या नावाने आज वसईपासून कारवारपर्यंतच्या साऱ्या किनारपट्टीत ओळखले जाते, त्या सेंट फ्रान्सिस झेवियरकरिता ते मुळात बांधलेच गेले नव्हते, ही गोष्ट त्याच्या दारात पाऊल टाकणाऱ्या लक्षावधी भाविकांपैकी फार थोड्यांच्या ध्यानी असते. 1594 साली या वास्तूचा पाया घातला गेला तेव्हा झेवियरला निवर्तून 42 वर्षे लोटली होती, त्याला संतपद मिळालेले नव्हते, आणि त्याचा देह त्याच शहरातील सेंट पॉल कॉलेजात होता. नवे देवालय अर्पण झाले ते बाळ येशूला. पुढे 30 वर्षांनी तो देह या देवालयात आणण्यात आला, आणि पाहुणा म्हणून आलेला पुरुष यथाकाल घराचा यजमान झाला. तेव्हा या घराचा इतिहास सांगावयाचा म्हणजे राज्यकर्ते, धर्मसंघ आणि सामान्य भाविक या तिघांनी एका निष्प्राण देहावर कसकसा हक्क सांगितला, आणि काळाच्या ओघात तो हक्क अखेर कोणाकडे राहिला, हेच सांगावयाचे होय.

फ्रान्सिस झेवियर हा 1506 साली नव्हारच्या मुलखात, झेवियर नावाच्या गढीत, एका बास्क सरदार घराण्यात जन्मला. पॅरिसच्या विद्यापीठात शिकत असता इग्नेशियस लॉयोलाशी त्याचा स्नेह जुळला, आणि 1534 च्या 15 ऑगस्टला माँमार्त्रच्या टेकडीवर ज्या सात मित्रांनी ब्रह्मचर्याची व दारिद्र्याची शपथ घेतली त्यांत तोही होता. पुढे 1540 मध्ये पोपने मान्यता दिलेला येशूसंघ तो याच मित्रमंडळातून उभा राहिला. पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याने पूर्वेकडील आपल्या मुलखासाठी धर्मोपदेशक मागितले, त्यावरून झेवियर लिस्बनहून निघाला आणि वाटेत मोझांबिकला बराच काळ अडकून 6 मे 1542 रोजी गोव्याच्या धक्क्यावर उतरला. त्या वेळी अल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवे घेतल्याला जेमतेम 32 वर्षे झाली होती. हाती घंटा घेऊन गल्लीबोळांतून हिंडावे, तिच्या नादाने पोरे आणि गुलाम गोळा करावे व त्यांना प्रार्थना पाठ करून घ्यावी, इस्पितळातील रोग्यांची व तुरुंगातील बंदिवानांची शुश्रूषा करावी, हा त्याचा गोव्यातील दिनक्रम होता. परंतु गोव्यात तो स्थिर असा राहिला नाही. तुतिकोरिनच्या बाजूचे मोती काढणारे परव, मलाक्का, मोलुक्काची बेटे, आणि 1549 च्या ऑगस्टात जपानातील कागोशिमा, अशी त्याची दहा वर्षे अखंड प्रवासात गेली. चीनमध्ये शिरकाव करण्याच्या खटपटीत असता कँटनजवळच्या शांच्वान बेटावर, एका चिनी सोबत्याच्या सान्निध्यात, 3 डिसेंबर 1552 रोजी तापाने त्याचे देहावसान झाले.

यानंतर जे घडले त्यावरच पुढच्या साऱ्या इतिहासाची उभारणी आहे. मांस लवकर झडून जावे व नुसत्या अस्थी जहाजावर घालून नेता याव्यात, या हेतूने सोबत्यांनी शवपेटीत चुना भरला होता. सुमारे अडीच महिन्यांनी पेटी उघडली तेव्हा देह जसाच्या तसा आढळला. 1553 च्या मार्चमध्ये तो मलाक्क्यास नेऊन तेथील टेकडीवरच्या चर्चमध्ये पुरला, काही महिन्यांनी तेथूनही तो उकरून काढला, आणि 16 मार्च 1554 रोजी तो गोव्यास पोहोचला तेव्हा विजरई आफोंसो द नोरोन्यापासून सामान्य नागरिकांपर्यंत सारे शहर त्याला सामोरे गेले. देह अविकारी राहिला हा श्रद्धावंतांना साक्षात्कार वाटतो. आज तो देह पुष्कळच सुकून आक्रसलेला आहे, हेही दर्शन घेतलेला कोणीही सांगेल. येथे एवढेच नमूद करावयाचे की, ज्यांनी अस्थी नेण्याची तयारी केली होती त्यांना अखंड देह हाती आला, आणि त्या क्षणापासून हा देह कोणी ठेवावा, कोठे ठेवावा व त्यातला अंश कोणाला द्यावा, हा राज्यकारभाराचा विषय झाला.

आता देवालयाकडे वळू. गोवे त्या काळी पूर्वेकडील पोर्तुगेज सत्तेची राजधानी. मांडवीच्या डाव्या तीरावर, आजच्या पणजीच्या पूर्वेस सुमारे 10 किलोमीटरवर ते वसले होते, आणि फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन या संघांची भव्य देवालये तेथे एकामागून एक उभी राहत होती. येशूसंघाने शहराच्या मध्यभागी आपल्या ज्येष्ठ व्रतस्थांसाठी एक प्रशस्त निवास बांधला, आणि त्याला लागून देवालयाची योजना केली. त्यासाठी द्रव्य आले ते कोचीनचा कप्तान दों जेरोनिमो मस्कारेन्यस याच्या मृत्युपत्रातून. हा गृहस्थ 1593 साली वारला. मंडपाच्या भिंतीत सोनेरी मुलाम्याच्या ब्राँझचे त्याचे स्मारक आजही आहे, मात्र संताच्या दर्शनाच्या ओढीने पुढे सरकणाऱ्या गर्दीतून त्याच्याकडे वळून पाहणारा विरळाच. 24 नोव्हेंबर 1594 रोजी पायाभरणी झाली, आणि 15 मे 1605 रोजी गोव्याचे आर्चबिशप दों आलेशो द मेनेझिस यांच्या हस्ते देवालयाची प्रतिष्ठापना झाली. या दोन्ही तारखा आत शिरताच लागणाऱ्या, वरच्या गायनसज्जाचा भार पेलणाऱ्या खांबांवर कोरलेल्या आहेत.

भिंती गोव्याच्या जांभ्या दगडाच्या, परंतु दर्शनी बाजूचे खांब, चौकटी व नक्षी यांसाठी जांभा उपयोगाचा नव्हता. तो खरबरीत, सच्छिद्र, बारीक कोरीव कामाला न मानवणारा. म्हणून काळा बेसॉल्ट पाषाण गलबतांवर घालून थेट वसईहून आणविण्यात आला. वसई त्या वेळी पोर्तुगेजांच्या उत्तरेकडील मुलखाचे ठाणे होती. उत्तर कोकणातल्या खाणींत फोडलेला हा दगड सुमारे चारशे किलोमीटर समुद्र ओलांडून गोव्याच्या कारागिरांच्या छिन्नीखाली आला, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पाने वसई जिंकली आणि उत्तरेचा तो मुलूख फिरंग्यांच्या हातून कायमचा गेला. मात्र त्या मुलखाचा दगड बॉम जेझूसच्या दारावर खांब होऊन उभा आहे तो आजतागायत. या दर्शनी भिंतीवर मजल्यामागून मजले चढत गेले आहेत आणि प्रत्येकाची खांबांची धाटणी वेगळी. सर्वांत वर, शिखरभागात, येशूसंघाची खूण असलेली येशूच्या नावाची तीन अक्षरे कोरलेली आहेत. पोर्तुगेज देवालयांना शोभणारे जोडमनोरे दर्शनी बाजूस नाहीत, घंटेचा मनोरा मागे आहे, आणि त्यामुळे या भिंतीला एक प्रकारची गंभीर सपाटी आली आहे, जी मला तरी शेजारच्या से कॅथेड्रलच्या विस्तारापेक्षा अधिक मनोज्ञ वाटते.

आत गेल्यावर सुमारे 183 फूट लांब व 55 फूट रुंद असा मोकळा मंडप, आणि त्याच्या टोकाला जमिनीपासून छतापर्यंत उठलेली सुवर्णलेपित लाकडी वेदी. बाहेरचा काळातांबडा दगड पाहून आलेल्या डोळ्यांना तिची झळाळी क्षणभर सहन होत नाही. तिच्या तळाशी बाळ येशूची लहानशी मूर्ती. तिच्या वर इग्नेशियस लॉयोलाची उंच प्रतिमा, मुद्रा वर केलेली, दृष्टी त्या तीन अक्षरांच्या तेजोवलयाकडे लागलेली. आणि त्याच्याही वर पिता, पुत्र व पवित्र आत्मा. वास्तू कोणाच्या नावे उभी राहिली हे त्या लहानशा बाळमूर्तीवरून उमगते, पण त्यासाठी भाविकाला उजवीकडच्या गर्दीतून थोडा वेळ दृष्टी काढून घ्यावी लागते.

याच संघाचा एक इंग्रज पाद्री, टॉमस स्टीफन्स, 1579 साली गोव्यास येऊन साष्टीच्या खेड्यांत आयुष्य घालवीत होता. बॉम जेझूसचे दगड चढत होते त्या वर्षांत हा मनुष्य मराठी ओवी आत्मसात करीत होता, आणि प्रतिष्ठापनेनंतर 11 वर्षांनी, 1616 मध्ये, त्याचे 'क्रिस्तपुराण' छापून बाहेर आले. ज्या संघाने लिस्बन आणि रोमच्या धर्तीवर ही भिंत उभारली त्याच संघातील एकाने ख्रिस्ताची कथा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात सांगावी, हा योग मराठी भाषेच्या भाग्याचा खरा. या दोन कृतींपैकी आपल्या अंतःकरणाला जवळची कोणती, हे मी वेगळे सांगावयास नको.

परंतु या वैभवाची दुसरी बाजू झाकून ठेवणे हा इतिहासाशी द्रोह होईल. ज्या दशकांत गोव्यात देवालये उभी राहिली त्याच दशकांत तिसवाडी, बारदेश व साष्टीतील शेकडो मंदिरे जमीनदोस्त झाली. मंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गेला केळोशीहून कवळ्यास, म्हणजे नदीपलीकडच्या आदिलशाही अंत्रुज महालात, रातोरात आसरा शोधावा लागला. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले, ते मध्यंतरीची काही वर्षे वगळता 1812 पर्यंत टिकले, आणि तसे न्यायासन पाठवावे अशी मागणी खुद्द झेवियरने 1546 साली राजाला लिहिलेल्या पत्रात केली होती. ते स्थापन झाले तेव्हा तो हयात नव्हता हे खरे. परंतु रोग्यांची मलमपट्टी करणारा आणि हे पत्र लिहिणारा हात एकच होता, हेही तितकेच खरे. त्याच्या चरित्रातील करुणा आणि कठोरता ही दोन्ही त्याच्या काळाने घडविलेली होती, आणि अभ्यासकाने त्यांपैकी एकीच्या आड दुसरी दडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या हाताचाच पुढला प्रसंग आहे. 1614 मध्ये येशूसंघाचा प्रमुख क्लाउदिओ आक्वाव्हिव्हा याच्या आज्ञेने देहाचा उजवा हात, ज्याने हजारोंचा बाप्तिस्मा केला असे मानले जाते तो, कोपरापासून वेगळा करून रोमला रवाना करण्यात आला. तेथील जेझू चर्चमध्ये तो आजही ठेवलेला आहे. 1619 मध्ये झेवियरला धन्य घोषित करण्यात आले, आणि 12 मार्च 1622 रोजी पोप पंधरावा ग्रेगरी याने लॉयोला, आविलाची तेरेसा वगैरेंबरोबर त्याला संतपद बहाल केले. नव्या संताचा देह कॉलेजाच्या आवारात राहू देणे संघाला प्रशस्त वाटेना, म्हणून 1624 मध्ये तो बॉम जेझूसमध्ये आणण्यात आला. मार्चेल्लो मास्त्रिल्ली नावाचा इटालियन पाद्री, जो पुढे 1637 मध्ये जपानात हुतात्मा झाला, त्याच्या पुढाकाराने 1636-37 मध्ये गोव्याच्याच कारागिरांनी चांदीची शवपेटी घडविली. संताच्या चरित्रातील प्रसंग उठावाने कोरलेले 32 पत्रे तिच्यावर जडविलेले आहेत. कथा युरोपीय, रचना इटालियन धाटणीची, परंतु पानाफुलांच्या वळणांत व बारीक ठोक्यांत जी हातोटी आहे ती आपल्या मुलखातल्या देवाच्या प्रभावळी आणि पालख्या घडविणाऱ्या हातांची आहे, हे डोळसपणे पाहणाऱ्याला ओळखू येते.

ज्या चौथऱ्यावर ही पेटी आहे त्याची हकिगत निराळीच. संताच्या मस्तकाखाली अनेक वर्षे असलेली एक उशी येशूसंघाच्या गोवे प्रांताच्या मुखत्याराने तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो द मेदिची याला भेट म्हणून दिली. त्या भेटीने कृतार्थ झालेल्या कोझिमोने फ्लॉरेन्सचा शिल्पकार जिओव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्याकडून संगमरवर व रंगीत जास्परचा एक चौथरा करविला. या कामाला दहा वर्षे लागली. मग त्याचे सारे भाग सुटे करून जहाजावर चढविले, आणि प्लाचिदो राम्पोनी या कारागिराने बरोबर येऊन 1698 मध्ये ते गोव्यात जुळविले. चौथऱ्याच्या चार बाजूंस ब्राँझचे चार फलक आहेत: संत मोलुक्काच्या लोकांस उपदेश करतो आहे, बाप्तिस्मा देतो आहे, पाठलाग करणाऱ्या शत्रूंच्या हातून निसटतो आहे, आणि शांच्वानच्या किनाऱ्यावर प्राण सोडतो आहे. पेटी इतक्या उंचावर बसविलेली आहे की एरवी दर्शनाला येणाऱ्यास आतल्या देहाचे ओझरते दर्शनच होते.

चौथरा येण्याच्या 15 वर्षे आधी मात्र या समाधीपाशी असा एक प्रसंग घडला होता की, त्याचा उल्लेख केल्याखेरीज मराठ्यांचा इतिहासही पुरा होत नाही. 1683 मध्ये विजरई फ्रान्सिस्को द ताव्होरा, आल्व्होरचा काउंट, मोठ्या फौजेनिशी फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला. किल्ल्यात येसाजी कंक व त्याचा पुत्र कृष्णाजी यांनी शर्थीने झुंज दिली. तटाला खिंडार पडले असताही किल्ला हातचा गेला नाही, आणि राजापुराकडून खुद्द संभाजीराजे घोडदळ घेऊन येताच विजरईने पावसात, चिखलातून, माघार घेतली. नोव्हेंबरच्या अखेरीस एके रात्री मराठ्यांनी ओहोटीचा फायदा घेऊन राजधानीच्या अगदी उशाशी असलेले जुवे बेट जिंकले. ते परत घेण्यास गेलेला विजरई घायाळ होऊन कसाबसा परतला. त्याचा पाठलाग करताना भरतीच्या पाण्यात राजांचा घोडा वाहवू लागला आणि खंडो बल्लाळाने उडी घालून धन्याला वाचविले, ही कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

शहरात हाहाकार उडाला. लढाऊ माणूस अत्यल्प, कुमकेची आशा नाही, नदीपलीकडे मराठ्यांच्या छावण्या. अशा वेळी विजरई पाद्री व नागरिकांसह बॉम जेझूसमध्ये आला, संताची पेटी उघडविली, आणि आपला राजदंड, आपली अधिकारपत्रे व एक लेखी अर्ज त्या देहाजवळ ठेवला. अर्जाचा आशय असा की, हे राज्य आता मनुष्याच्याने राखवत नाही, तरी राजाच्या नावाने संतानेच त्याचा कारभार हाती घ्यावा. इकडे डिसेंबरात मराठी फौजा साष्टी व बारदेशात धुमाकूळ घालीत होत्या; परंतु औरंगजेबाचा पुत्र शहाआलम प्रचंड सैन्यानिशी घाट उतरून कोकणात आल्याची खबर लागताच, 1684 च्या जानेवारीत, संभाजीराजांना गोव्याचा नाद सोडून मागे वळणे भाग पडले. फिरंग्यांच्या मते संताने अर्ज मंजूर केला. मराठ्यांच्या दृष्टीने मोगल पाठीवर आला. पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या व्यासंगी संशोधकांनी गोव्याच्या दप्तरखान्यातील कागद धुंडाळून या मोहिमेची साधार हकिगत मांडली, त्यामुळे आज आपल्याला दोन्ही पक्षांची बाजू एकत्र ठेवून पाहता येते. माझ्या मते यातील खरा अर्थपूर्ण भाग चमत्काराचा नव्हे, सत्तेच्या कबुलीचा आहे: तोफा, तारवे आणि तट यांवर पावणेदोनशे वर्षे उभी असलेली राजवट त्या दिवशी एका फकिरी वृत्तीच्या मृत माणसाच्या पायांशी आपली सनद ठेवून मोकळी झाली. पुढे नव्याने येणारा राज्यप्रमुख याच समाधीपाशी राजदंड स्वीकारून अधिकारसूत्रे हाती घेऊ लागला, आणि गोव्याच्या लोकांनी त्याला 'गोंयचो सायब' म्हटले ते या अर्थानेही यथार्थच ठरले.

परंतु राज्याने ज्याच्या पायांशी दंड ठेवला त्याच्या संघाला मात्र राज्याने सोडले नाही. पोर्तुगालचा सर्वाधिकारी मंत्री पोंबाल याने 1759 मध्ये येशूसंघाची हकालपट्टी केली; गोव्यातील त्यांचे निवास, पाठशाळा व वतने सरकारजमा झाली, आणि ज्यांनी बॉम जेझूस बांधले त्यांनाच ते सोडून जावे लागले. त्याच वर्षी साथीच्या रोगांनी पोखरलेल्या राजधानीतून विजरईने आपले बिऱ्हाड पणजीस हलविले. इकडे लोकांत कुजबुज सुरू झाली की, जाताना पाद्र्यांनी खरा देह पळविला आणि पेटीत भलतेच शव ठेवले. ही शंका फेडण्याकरिता 1782 च्या फेब्रुवारीत तीन दिवस पेटी खाली उतरवून देह सर्वांना उघडा दाखविण्यात आला. आज ज्या सोहळ्याला शवप्रदर्शन म्हणतात, त्याचा उगम असा एका अफवेचे निराकरण करण्यात आहे.

नंतरची शंभर वर्षे जुन्या गोव्याच्या ऱ्हासाची. 1835 मध्ये उरलेले सारे धर्मसंघ बरखास्त झाले, 1843 मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी ठरली, आणि रिकाम्या शहराचे चिरे लोकांनी अन्यत्र बांधकामास नेले. ऑगस्टिनियनांच्या अवाढव्य देवालयाचे छत 1842 मध्ये कोसळले. त्याच्या मनोऱ्याचा अर्धा भाग आज एका टेकाडावर उभा आहे. ज्या सेंट पॉल कॉलेजात संताचा देह प्रथम विसावला, आणि ज्याच्या आवारात 1556 मध्ये हिंदुस्थानातील पहिला छापखाना चालू झाला, त्याची एक कमान तेवढी शिल्लक आहे. या पडझडीतून बॉम जेझूस वाचले ते कोणाच्या फर्मानाने? संघ गेला होता, राजधानी गेली होती, खजिना रिता होता. राहिले होते ते 3 डिसेंबरच्या फेस्ताला चालत येणारे गावकरी, आणि ज्या घरी दरसाल माणसे येतात त्या घराचे छप्पर शाकारावेच लागते.

1859 मध्ये पुन्हा शवप्रदर्शन झाले, नंतर 1878 व 1890 मध्ये, आणि विसाव्या शतकात साधारणतः दहा-बारा वर्षांच्या अंतराने ते होत राहिले. आगबोटी व आगगाडी आल्यावर मुंबई, मंगळूर, सिलोन, अगदी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील गोवेकरही त्यासाठी येऊ लागले. पूर्वीच्या सोहळ्यांत भाविक देहाच्या पायांचे प्रत्यक्ष चुंबन घेत. त्या स्पर्शाने होणारी हानी ध्यानी घेऊन, 1952 मध्ये संताच्या मृत्यूला 400 वर्षे झाल्याचा सोहळा आटोपल्यानंतर, देह काचेच्या बंद पेटीत ठेवण्यात आला. त्यापूर्वी 1946 मध्ये रोमने या देवालयाला बासिलिकेचा दर्जा दिला होता. 1961 च्या डिसेंबरात गोवे मुक्त झाले, आणि 1964 च्या अखेरीस मुक्त गोव्यातले पहिले शवप्रदर्शन भरले. त्या सोहळ्याला राजदंड ठेवणारा विजरई नव्हता. लोक तेवढेच, किंबहुना अधिक होते. तेव्हापासून दर दहा वर्षांनी देह मिरवणुकीने समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेऊन दर्शनाला ठेवतात. ताजा सोहळा 21 नोव्हेंबर 2024 पासून 5 जानेवारी 2025 पर्यंत चालला.

परंतु या स्थानाचे अंतरंग ज्याला पाहावयाचे असेल त्याने दरसालच्या नोव्हेनेत जावे. 24 नोव्हेंबरपासून नऊ दिवस पहाटेपासून आवारातील मांडवात मीस, म्हणजे ख्रिस्तयाग, चालू असतात. प्रार्थना बहुतांशी कोंकणीत, माणसे साऱ्या गोव्यातली, शिवाय सावंतवाडी, बेळगाव, कारवारकडून पायी आलेली. बाहेर खाज्यांचे, चण्यांचे आणि मेणबत्त्यांचे ठेले मांडलेले. रांगेत कुंकू लावलेल्या बायका व मंगेशीचा अंगारा कपाळी असलेले पुरुष सहज दिसतात. ज्यांच्या पूर्वजांचे देव नदी ओलांडून गेले, त्यांची ही नातवंडे-पतवंडे सायबापुढे मेणबत्ती लावून परततात, आणि आपल्या देवाशी त्यात काही प्रतारणा झाली असे त्यांना वाटत नाही. इतिहासातील जखम विसरलेली नसतानाही शेजारधर्म पाळणारी ही माणसे मला या स्थानाच्या सर्व अलंकारांहून मोलाची वाटतात, आणि त्या चांदीच्या पेटीचे खरे वारसही तीच होत.

1986 मध्ये युनेस्कोने जुन्या गोव्यातील देवालये व मठ जागतिक वारशात समाविष्ट केली. तथापि बॉम जेझूसच्या भिंतीचे दुखणे निराळे आहे. आज आपण तिचा जो तांबूस, उघडा जांभा पाहतो, आणि ज्याची छायाचित्रे गोव्याची ओळख म्हणून जगभर जातात, तो मुळात तसा उघडा नव्हता. इतर देवालयांप्रमाणे याही भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकाच्या आरंभी बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगेज जीर्णोद्धारकाने प्राचीनत्वाची शोभा यावी म्हणून तो काढून टाकला. जांभा हा पाणी पिणारा दगड. उन्हात तो कठीण होतो हे खरे, पण गोव्यासारख्या शंभर इंचांहून अधिक पावसाच्या मुलखात वर्षानुवर्षे भिजून तो आतून झिरपतो आणि त्याचे कण सुटत जातात. कोकणातल्या कोणत्याही गवंड्याला हे ठाऊक आहे, म्हणूनच तो पावसाकडची भिंत गिलाव्याविना किंवा झडपांविना ठेवीत नाही. सत्तरांहून अधिक पावसाळे या भिंतींनी उघड्या अंगाने काढले आहेत.

काहींना वाटते की गिलावा चढविल्यास परिचित रूप जाईल. ते रूप जेमतेम दोन पिढ्यांचे आहे. चुन्याचा पांढरा अंगरखा साडेतीनशे वर्षांचा होता, आणि त्या वसईच्या काळ्या पाषाणाची नक्षी त्यावर कशी उठून दिसत असेल याची कल्पना जवळच्या से कॅथेड्रलच्या पांढऱ्या भिंतींवरून करता येते. पुरातत्त्व खाते, धर्मप्रांत आणि चुन्याचे काम जाणणारे कारागीर यांनी एकत्र बसून हा गिलावा पूर्वीच्याच पद्धतीने परत चढवावा, आणि त्यासाठी पुढल्या शवप्रदर्शनाची वाट पाहू नये. वाचकांपैकी जे कोणी तेथे जातील त्यांनी समाधीकडे वळण्याआधी पावसाच्या बाजूची भिंत एकदा निरखून पाहावी, तिच्यावरून हात फिरवावा, आणि बोटांना लागलेली तांबडी भुकटी पाहून संबंधितांस चार ओळींचे पत्र लिहावे.